बिबट्याच्या विष्ठेतले अंडे नक्की कोणाचे?

कोकणात पर्णकृमींची ओळख होते ती बहुतेक वेळा गुरांमुळे. खाचरांच्या कडेला आणि पाणथळ मळ्यांत चरणारी म्हैस खंगत जाते, तिच्या जबड्याखाली पाणी साठून सूज येते, पशुवैद्यक शेण तपासतात आणि 'लिव्हर फ्लूक' असे सांगून औषध देतात. याच गटातले चपट्या देहाचे कृमी रानातल्या मांसाहारी प्राण्यांतही राहतात. बिबट्या, कोल्हा, रानमांजर, वाघाटी, उदमांजर, मुंगूस, पाणमांजर अशा प्राण्यांच्या फुप्फुसांत, पित्तनलिकांत, आतड्यांत आणि क्वचित रक्तवाहिन्यांतही त्यांचे बिऱ्हाड असू शकते. गाईच्या शेणात दिसलेले अंडे गाईच्याच शरीरातल्या कृमीचे आहे असे धरून चालता येते, कारण गाय दुसऱ्या प्राण्याला खात नाही. बिबट्या खातो, आणि भक्ष्याबरोबर त्याच्या पोटातले कृमी आणि त्या कृमींची अंडीही खातो. त्यामुळे विष्ठेत सापडलेले अंडे बिबट्याच्या स्वतःच्या कृमीचे की त्याने खाल्लेल्या शेळीतल्या कृमीचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

तो सोडवण्यासाठी आधी पर्णकृमीचा जीवनक्रम माहीत असावा लागतो. या कृमीचे आयुष्य एका प्राण्यात पुरे होत नाही. प्रौढ कृमी ज्या प्राण्यात राहतो त्याला मुख्य पोशिंदा म्हणतात. तिथून अंडी विष्ठेबरोबर, तर काही जातींत थुंकीबरोबर किंवा लघवीबरोबर बाहेर पडतात आणि पाण्यात पोचतात. काही जातींच्या अंड्यातून सूक्ष्म केसांचा डिंभ, म्हणजे कृमीची बाल्यावस्था, बाहेर येऊन गोगलगायीच्या शरीरात शिरतो, तर काहींचे अंडेच गोगलगाय गिळते. गोगलगायीत त्या एका डिंभापासून अलैंगिक पद्धतीने शेकडो डिंभ तयार होतात आणि बहुतेक जातींत शेपटीवाल्या रूपात पुन्हा पाण्यात येतात. त्यापुढे वाटा वेगळ्या होतात. गुरांतला यकृतकृमी पाण्याकाठच्या गवतावर पुटी (स्वतःभोवती कवच) करून बसतो, फुप्फुसातला कृमी गोड्या पाण्यातल्या खेकड्यात शिरतो, पित्तनलिकेतल्या कृमींपैकी बरेच माशांत जातात, आणि कोल्ह्याच्या आतड्यातल्या काही जाती बेडकांच्या वाटेने येतात. मांसाहारी प्राण्याने तो खेकडा, मासा किंवा बेडूक खाल्ला की साखळी पुरी होते. म्हणून कृमीचे नाव शोधणाऱ्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी हा प्राणी कुठे राहतो आणि काय खातो हे पाहिलेले बरे. निम्मे काम तिथेच होते.

मांसाहारी प्राण्यांतल्या पर्णकृमींत सर्वांत प्रसिद्ध आहे तो फुप्फुसातला पॅरागोनिमस. त्याची वेस्टरमनी ही जात शास्त्राला कळली ती १८७८ साली, आणि तीही एका वाघामुळे. ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाल वाघाच्या फुप्फुसात हे कृमी सापडले, कोएनराड केर्बर्ट यांनी त्यांचे वर्णन केले आणि प्राणिसंग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांचे नाव जातीला दिले. माणसातला या कृमीचा पहिला रुग्ण तैवानमध्ये त्यानंतर, १८७९ साली आढळला. म्हणजे हा कृमी वैद्यकाच्या पुस्तकात पोचला तो वाघाच्या मागोमाग.

प्रौढ पॅरागोनिमस एकदा हातात आला की विसरत नाही. बाकीचे पर्णकृमी पातळ आणि चपटे असतात. हा मात्र गुबगुबीत, तांबूस-तपकिरी आणि लहान चिंचोक्याएवढा असतो. लांबी साधारण ७ ते १२ मिलिमीटर, रुंदी ४ ते ६ आणि जाडी ३ ते ५ मिलिमीटर भरते. फुप्फुस दाबून पाहिले तर कठीण गाठी लागतात, आणि गाठ कापली की आत तपकिरी, चिकट द्रवात बहुधा दोन कृमी शेजारी शेजारी सापडतात. तिथे पोचण्याचा त्यांचा प्रवासही सरळ नाही. खेकड्याबरोबर पोटात गेलेला डिंभ लहान आतड्यात पुटीतून बाहेर पडतो, आतड्याची भिंत भेदतो, उदरपोकळीतून हिंडत मध्यपटल ओलांडतो आणि मग फुप्फुसात ठाण मांडतो. त्याची अंडी खोकल्याबरोबर घशात येतात आणि प्राणी ती गिळतो, म्हणून फुप्फुसातल्या कृमीचा पुरावा विष्ठेत मिळतो.

कोकणात या साखळीचे दुवे ठायी ठायी दिसतात. सह्याद्रीच्या उतारावरून येणाऱ्या पऱ्यांत आणि व्हाळांत दगडाखाली खेकडे असतात, भातखाचरांच्या बांधांत मुठ्या खेकड्यांची बिळे असतात, आणि मृगाच्या पहिल्या सरींत ते बाहेर पडले की रात्री बत्ती घेऊन माणसे जशी त्यांच्या मागे जातात तसे रानमांजर, उदमांजर आणि मुंगूसही जातात. व्हाळाकाठी पडलेल्या खेकड्याच्या रिकाम्या कवचांवरून तिथे कोण येऊन गेले याचा अंदाज जाणकार बांधतात. बिबट्या खेकडे पकडत बसत नाही, तरी तो या साखळीबाहेर नाही. खेकडा खाल्लेल्या रानडुकराच्या स्नायूंत पॅरागोनिमसचे अपक्व कृमी न वाढता, पण जिवंत राहू शकतात, आणि ते मांस खाणाऱ्याच्या शरीरात त्यांची वाढ पुढे सुरू होते. जपानमध्ये रानडुकराचे कच्चे मांस खाणाऱ्या माणसांना असाच संसर्ग झाल्याचे पक्के ठाऊक आहे. वाघ-बिबट्यांसारख्या मोठ्या मार्जारांच्या फुप्फुसात खेकड्यातला कृमी कसा पोचतो, याचे हे उत्तर आहे.

जिवंत रानटी प्राण्याचे फुप्फुस पाहता येत नाही, म्हणून भिस्त विष्ठेवर राहते. इथे पहिली अडचण ती विष्ठा कोणाची हीच असते. पाणमांजरे नदीकाठच्या ठरावीक खडकांवर पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात. तिच्यात माशांचे खवले आणि कवचाचे तुकडे भरलेले असतात आणि वासही वेगळा असतो, त्यामुळे ती ओळखू येते. गडग्याच्या दगडावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती बहुधा उदमांजराची. पण गावाशेजारच्या पायवाटेवर कोल्हा आणि भटका कुत्रा यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणे धाडसाचे आहे, आणि अशा नमुन्याला 'कोल्हा' असे लेबल लावून पुढे चालणे म्हणजे मुळातच चुकीची पायाभरणी करणे होय. पावलांचे ठसे, कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे किंवा विष्ठेवरच्या आतड्याच्या पेशींतला डीएनए यांनी ती शंका दूर करता येते. नमुना ताजा हवा. कोकणातल्या पावसात तो तासाभरात धुऊन जातो, आणि उरला तरी बाहेरच्या मातीतले कृमी त्यात शिरून गोंधळ वाढवतात. त्याचे दोन भाग करणे शहाणपणाचे असते. एक भाग दहा टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवला की अंड्यांचा आकार टिकतो, आणि दुसरा तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवला की डीएनए टिकतो. फॉर्मालिन डीएनएची नासाडी करते, म्हणून सगळा नमुना त्यात बुडवला तर पुढच्या अर्ध्या तपासण्यांवर पाणी सोडावे लागते.

प्रयोगशाळेत गोलकृमींची अंडी शोधायला मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. त्यात हलकी अंडी वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. पर्णकृमींची अंडी जड असतात. ती या द्रावणात बहुधा वर येतच नाहीत, आणि आणखी दाट द्रावण घेतले तर वर येऊन आक्रसतात व ओळखू येत नाहीत. म्हणून इथे उलटी रीत, म्हणजे अवसादन, वापरतात. चार-पाच ग्रॅम विष्ठा पाण्यात कालवायची, बारीक गाळणीतून गाळायची, गाळलेले पाणी निमुळत्या तळाच्या ग्लासात काही मिनिटे स्थिर ठेवायचे, वरचे गढूळ पाणी हलक्या हाताने ओतायचे आणि पुन्हा स्वच्छ पाणी घालायचे. वरचे पाणी नितळ होईपर्यंत हे करत राहायचे. शेवटी तळाशी उरलेल्या चमचाभर गाळात मिथिलिन ब्लूचा थेंब टाकला की काचपट्टीवर मोठा सोपा फरक दिसतो: न पचलेले तंतू आणि कचरा निळा होतो आणि त्या निळाईत पर्णकृमीचे अंडे पिवळे-तपकिरीच राहते, कारण त्याचे आवरण रंग आत घेत नाही. मात्र मोठ्या अंड्यांना जेवढा वेळ पुरतो तेवढा लहान अंड्यांना पुरत नाही. घाई केली तर ती ओतलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात आणि अहवालात 'कृमी आढळले नाहीत' असे लिहिले जाते. लहान अंड्यांचा संशय असेल तर अपकेंद्रण यंत्राची रीत अधिक भरवशाची.

अंडे दिसल्यावर पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या मोजूनच पाहाव्या लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात बसवलेल्या पट्टीने लांबी-रुंदी घ्यायची. 'मोठे' आणि 'लहान' हे शब्द इथे निरुपयोगी आहेत. बहुतेक पर्णकृमींच्या अंड्याला एका टोकाला झाकण असते. पॅरागोनिमसचे अंडे सोनेरी-तपकिरी, ८० ते १२० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि ४५ ते ७० रुंद असते. त्याचे झाकण ठळक असते आणि झाकणाच्या विरुद्ध टोकाला आवरण जाड झालेले असते. ही जाडी फार कामाची खूण आहे. ऑपिस्थॉर्किस गटातल्या पित्तनलिकेतल्या कृमीचे अंडे याच्या तुलनेत इवलेसे, जेमतेम ३० मायक्रोमीटर लांब असते, आणि झाकण जिथे बसते तिथे आवरणाला खांद्यासारखा उंचवटा असतो. बेडकांच्या वाटेने येणाऱ्या अलारिया गटाचे अंडे मोठे, १०० मायक्रोमीटरच्या पुढे जाणारे असते.

या जागी एक सापळा आहे, आणि नवखा अभ्यासक त्यात हमखास अडकतो. झाकण असलेले प्रत्येक अंडे पर्णकृमीचे नसते. स्पायरोमेट्रा नावाचा पट्टकृमी रानटी मार्जारांत सर्रास आढळतो, आणि त्याच्याही अंड्याला झाकण असते. ते ५० ते ७५ मायक्रोमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळते आणि थोडे वाकडे दिसते, आणि विरुद्ध टोकाची जाडी त्याला नसते. मोजमाप न घेता नुसते छायाचित्र मोबाईलवर फिरवून 'बिबट्यात फुप्फुसकृमी' असे जाहीर करणाऱ्यांनी या एका पट्टकृमीला किती वेळा बढती दिली असेल, देव जाणे.

मोजमाप बरोबर आले, कृमीचा गट कळला, तरी मूळ प्रश्न उरतोच. गुरांतल्या फॅसिओला जायगँटिका या यकृतकृमीचे अंडे पिवळे आणि मोठे, १५० मायक्रोमीटरहून लांब असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातल्या कृमींचे अंडे आकाराने जवळपास तेवढेच, पण जवळजवळ रंगहीन असते. ही दोन्ही अंडी बिबट्याच्या विष्ठेत दिसू शकतात आणि तरी बिबट्याच्या शरीरात त्यातला एकही कृमी नसू शकतो. त्याने वासराचे यकृत खाल्ले, पित्तातली अंडी जाड आवरणामुळे न पचता त्याच्या आतड्यातून पार झाली, एवढाच त्याचा अर्थ. यकृत खाल्लेल्या माणसांतही हे घडते आणि वैद्यकात त्याला खोटा संसर्ग म्हणतात. पिंजऱ्यातल्या प्राण्याबाबत निवाडा सोपा असतो: काही दिवस यकृत आणि आतडी न देता पुन्हा विष्ठा तपासायची, उसनी अंडी नाहीशी होतात, स्वतःची येतच राहतात. रानातल्या बिबट्याला असा पथ्याचा आहार देता येत नाही. तिथे विष्ठेतले केस कामाला येतात. केसाच्या गाभ्याची आणि खवल्यांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भक्ष्य ओळखता येते. फॅसिओलाच्या अंड्यांबरोबर गाईचे किंवा शेळीचे केस निघाले तर ती अंडी उसनी असण्याचीच शक्यता जास्त. कुत्र्याचे केस निघाले तर मात्र गुंता वाढतो, कारण कुत्रा स्वतः मांसाहारी आहे आणि बिबट्यात राहू शकणारे अनेक कृमी त्याच्यातही राहतात. कोकणातल्या वाड्यांभोवती वावरणारा बिबट्या कुत्री सर्रास उचलतो, त्यामुळे ही अडचण पुस्तकी नाही.

विष्ठेतल्या अंड्यांवर विसंबून मोठे अभ्यासकही चकवले जाऊ शकतात. परजीवीशास्त्रज्ञ ॲसा चॅन्डलर यांनी १९२६ साली बंगालमधल्या माणसांच्या विष्ठेतील अंड्यांवरून शिस्टोसोमाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले. पुढे त्या जातीचे प्रौढ कृमी सापडले ते डुकरांत आणि कुत्र्यांत. शिस्टोसोमा हे रक्तवाहिन्यांत राहणारे पर्णकृमी आहेत. त्यांच्या अंड्याला झाकण नसते, बऱ्याच जातींत काटा असतो, आणि त्यांना खेकडा-मासा लागत नाही. गोगलगायीतून बाहेर पडलेला डिंभ थेट कातडीतून शिरतो. त्यांची अंडी साध्या पाण्यात फुटतात, म्हणून संशय असेल तर नमुना मिठाच्या सौम्य पाण्यात धुतात. कोकणाशी या गटाचा जुना संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावात माणसांच्या मूत्रमार्गातल्या शिस्टोसोमाचे केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली दाखवले, आणि फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली गोगलगाय तिथली वाहक असल्याचा संशय आला. भारतात हा रोग नाही असे समजले जात असताना एका गावातल्या पाण्याने वेगळेच सांगितले. पर्णकृमी असे गावागावापुरते, कधी एखाद्या तळ्यापुरते असू शकतात, कारण प्रत्येक जातीला तिची ठरावीक गोगलगायच लागते.

खाडीकाठी ओळख आणखी निसरडी होते. चढणीच्या दिवसांत खाचरांपर्यंत येणारे गोड्या पाण्यातले मासे हे ऑपिस्थॉर्किस गटाचे नेहमीचे वाहक, तर निमखाऱ्या पाण्यातला बोय हा हेटेरोफिड गटाच्या आतड्यातल्या कृमींचा जगभर ठाऊक असलेला वाहक. पाणमांजर आणि कांदळवनातला कोल्हा या दोन्ही पाण्यांत तोंड घालतात. दोन्ही गटांची अंडी जवळपास सारखीच, ३० मायक्रोमीटरच्या आसपासची असतात, आणि नुसत्या अंड्यावरून जातीचे नाव देणारा अहवाल वाचला तर तो बाजूला ठेवावा असे माझे मत आहे. एक कृमी पित्तनलिकेत असतो, दुसरा आतड्यात. हा भेद मृत प्राणी उघडल्यावरच दिसतो.

मुंबई-गोवा महामार्गावर वाहनांखाली येणारी उदमांजरे आणि कोल्हे यांचे मृतदेह म्हणूनच अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे असतात. परंतु ते कोणीही उचलून नेण्याची वस्तू नव्हेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मेलेला वन्य प्राणीही शासनाची मालमत्ता असतो. वनविभागाला कळवणे आणि शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून होणे आवश्यक आहे. शवविच्छेदनात प्रत्येक अवयव वेगळ्या भांड्यात ठेवतात, कारण कृमी कुठे सापडला हीच ओळखीची पहिली ओळ असते. फुप्फुसातल्या गाठी कापतात, यकृताचे काप करून पित्तनलिका पिळतात, आतडे उभे चिरून धुतात. मार्जारकुळातल्या प्राण्याच्या पित्तनलिकेत प्लॅटिनोसोमम निघाला तर त्याने पाल किंवा सरडा खाल्ला असावा असा तर्क करता येतो, कारण हा कृमी जमिनीवरची गोगलगाय, मग लाकूडकिडा (ओलाव्यात राहणारा वुडलाउस) आणि मग पाल अशा वाटेने येतो. त्याला ओढ्याची गरजच नाही.

जिवंत कृमी थेट रसायनात टाकला तर आकसून वेडावाकडा होतो. म्हणून आधी तो पाण्यात सैल पडू देतात, मग दोन काचांमध्ये हलके दाबून स्थिर करतात, कार्माइनने रंगवतात, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढतात आणि लवंगेच्या तेलात ठेवतात. तेलात तो हळूहळू पारदर्शक होतो आणि आतले अवयव लालसर उमटतात. मग खरी ओळख सुरू होते: तोंडाचा आणि पोटाचा चूषक (चिकटून बसण्याचा अवयव) केवढा आणि कुठे, वृषणे पुढे की मागे, अंडाशय अखंड की फाटे फुटलेले, पीतक (अंड्यांना पोषण पुरवणाऱ्या) ग्रंथी कुठपर्यंत पसरल्या आहेत. प्लॅटिनोसोममची वृषणे पोटाच्या चूषकाच्या लगेच मागे असतात, ऑपिस्थॉर्किसची शेपटीकडे एकामागे एक, पॅरागोनिमसची मागच्या भागात शेजारी शेजारी. पॅरागोनिमसच्या जाती वेगळ्या करताना कातडीवरचे काटे एकेकटे आहेत की झुबक्यांत, हेही पाहतात.

तरीही पॅरागोनिमस वेस्टरमनी हे एकच नाव धारण केलेले आशियातले कृमी जनुकीयदृष्ट्या एकसारखे नाहीत, असे डीएनएच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यासाठी केंद्रकातील आयटीएस-२ आणि तंतुकणिकेतील (मायटोकाँड्रियातील) कॉक्स-१ हे जनुकीय तुकडे वाचून जागतिक संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहतात. हे तंत्र अंड्यावरही चालते, पण उसन्या अंड्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. डीएनए कृमीची जात सांगेल. तो कृमी कोणाच्या फुप्फुसात राहत होता हे सांगणार नाही.

त्यावर एक आडवाट उपयोगी पडते, ती म्हणजे खेकडा तपासणे. ज्या व्हाळाकाठी संशयित विष्ठा मिळाली तिथले खेकडे आणून त्यांचे कल्ले, स्नायू आणि हृदयाभोवतीचा भाग कुस्करून पाहिला, तर पॅरागोनिमसच्या पुट्या अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, गोल मण्यांच्या रूपात दिसतात. त्या सापडल्या की तिथे साखळी चालू आहे हे सिद्ध होते, आणि अंड्याबद्दलचा तर्क बळकट होतो. हे काम हातमोजे घालून करावे, आणि त्याची सुरी-पाटी स्वयंपाकघरात आणू नये. खेकड्याचे कालवण रटरटून शिजते तेव्हा या पुट्या मरतात, त्यामुळे कोकणातल्या नेहमीच्या जेवणाला त्यांचे भय नाही. धोका असतो तो कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या खेकड्याचा, आणि कच्चा खेकडा ठेचलेल्या पाट्यावरच लगेच चटणी वाटण्याचा. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरमध्ये, असे रुग्ण आढळले आहेत. त्यांच्या थुंकीतून रक्त पडते म्हणून त्यांना क्षयाचे औषध दिले जाते, आणि थुंकीत सोनेरी, झाकण असलेले अंडे दिसले की उपचार बदलून प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक सुरू करावे लागते.